कॅन्टिनात नाचणाऱ्याचं काम

पहाटे साडेपाचला आमच्याकडे विजेची लाइन हमखास असते, नेट मोकळं असतं, आणि माझा गेम जिथून चालतो त्या अमेरिकेच्या पूर्वेकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास मागे जाते म्हणून तिथं सात. त्यामुळे दुकान उघडायच्या आधीचा हा दीड-दोन तास माझा ठरलेला, चहाचा गिलास घेतो, घोंगडं पांघरतो आणि कोरोनेटच्या कॅन्टिनात, म्हणजे एका ऑनलाइन गेममधल्या दारूच्या गुत्त्यात, जाऊन नाचतो.

कोरोनेट हे स्टार वॉर्स गॅलक्सीज या गेममधलं शहर. गेम 26 जून 2003 ला सुरू झाला आणि 15 डिसेंबर 2011 ला कंपनीने बंद केला, पण चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले, त्यातल्या काहींवर 2005 च्या मोठ्या बदलांआधीचा गेम जसाच्या तसा ठेवायची धडपड चालू आहे, मी तिथंच खेळतो. आणि खेळतो म्हणजे एंटरटेनर. बंदूक नाही, तलवार नाही, नाचणं आणि वाजवणं. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथं बसणारे पोट्टे मोबाइलवर दिवसभर ठोकाठोकी करतात, त्यांनी एकदा माझी स्क्रीन पाहिली आणि एकजण म्हणाला, "भाऊ, तुमी कोनालेच मारून नाही रायले जी, मंग मजा कायची?" त्याला मी तेव्हा नीट सांगू शकलो नाही, तेच आज लिहून काढतो.

आधी हे समजून घ्या की त्या गेममध्ये नाचणाऱ्याची गरज काय होती. प्रत्येक पात्राला तीन पट्ट्या, हेल्थ, ॲक्शन आणि माइंड. मार लागला की पट्टी कमी होते, ती बसून राहिलं की भरते. पण जास्त मार बसला की वुंड होते, म्हणजे पट्टीचा शेवटचा तुकडा काळा पडतो आणि तो कितीही बसलं तरी परत येत नाही. हेल्थ आणि ॲक्शनचे वुंड डॉक्टर बरे करतो. माइंडचे वुंड डॉक्टरच्या हातात नाहीत, ते फक्त एंटरटेनर बरे करतो. वरून बॅटल फटीग नावाची एक गोष्ट आहे, लढून लढून साचणारा थकवा, तो वाढत गेला की औषधपाणीही नीट लागू पडत नाही आणि तो उतरवणाराही एंटरटेनरच. म्हणजे कितीही मोठा शिकारी असो, त्याला कधी ना कधी गावात येऊन, कॅन्टिनात बसून, कोणाचा तरी नाच बघावाच लागतो.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बसलो होतो, कारण ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती.

आमचा भाग झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा. धान कापून झाला, चुरणं झालं, दिवाळी गेली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागते आणि मंडईच्या रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं सीझनभर उघडी असतात, गावोगावचे लोक तिथं जाऊन बुकिंग करतात. रात्री दहाच्या आसपास नाटक सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते, थंडीत पब्लिक चादरी-घोंगडी घेऊन बसलेली असते. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे प्रत्येकाला ती आपल्याच घरात आल्यासारखी वाटली. माझे एक चुलते अशाच एका कंपनीत ऑर्गन वाजवायचे. मी आठवी-नववीत असताना त्यांच्यामागे फिरायचो, त्यांचं सामान उचलायचो, त्यांच्या बाजूला बसून झोप आली तरी डोळे उघडे ठेवायचो.

पडदा उघडायच्या आधी काका जे वाजवायचे ते मी कधीच विसरणार नाही. ऑर्गनवर हात आणि नजर मात्र पूर्ण वेळ शामियान्याच्या दाराकडे. अजून आलुबोंड्याच्या ठेल्यावर गर्दी आहे का, बाया लेकरं घेऊन बसल्या का, मागच्या रांगेतला तो म्हातारा खुर्ची शोधून राहिला का, हे सगळं बघत ते तोच तुकडा लांबवायचे, आणि लोक टेकले असं वाटलं की मगच आवाज चढवायचे. मी विचारलं होतं, काका, एवढं काय बघता? ते म्हणाले, "बापू, हा मानूस दिवसभर वावरात वाकून आला हाय. त्याले आंधी टेकू तं दे."

तर कोरोनेटच्या कॅन्टिनात मी जे करतो ते एवढंच करतो. दार बघतो.

एक सकाळ सांगतो. एक रायफलवाला आत आला. रायफलच्या खास चाली मारल्या की स्वतःचाच माइंड खर्च होतो, त्यात याने दिवसभर डॅथोमिर ग्रहावर रँकॉर या राक्षसी जनावराची शिकार केलेली, माइंडची पट्टी अर्ध्याच्या वर काळी. आला आणि भिंतीला टेकून उभा, नवीनच होता, त्याला वाटत होतं नुसतं कॅन्टिनात उभं राहिलं की बरं होते. तीन मिनिटं झाली, तो हलत नाही, काही होतही नाही. बाकीचे दोन नाचणारे तिथंच होते पण त्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मी त्याला लिहिलं, राम राम, लांबून आलात वाटतं, माझ्यावर क्लिक करून स्लॅश वॉच ही कमांड टाका आणि तिकडं जी मॅन्डोव्हायल हे वाद्य घेऊन उभी आहे तिच्यावर स्लॅश लिसन टाका, मग बसा निवांत. इंग्रजीतच लिहिलं, पण राम राम तेवढं तसंच ठेवतो मी, सगळ्यांना. त्याने टाकलं आणि पट्टीतला काळा तुकडा थोडा थोडा मागे सरकायला लागला. मग तो बोलायला लागला, रँकॉर कसा चुकवला, सोबतचे दोघं कसे पडले, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर सकाळी सातला जायचं आहे, तरी अर्धा तास बसला. आज त्याला दोन वर्षं झाली, अजून येतो, आणि दारातूनच राम राम लिहितो.

एंटरटेनर नवीन केला असेल तर यातच सगळं आलं असं मी म्हणीन, पण काही कामाच्या गोष्टीही आहेत त्या सांगतो.

बफ, म्हणजे काही वेळापुरती वाढलेली ताकद, त्याचं गणित सगळ्यात आधी. नाच बघितला की माइंड वाढतो, वाजवणं ऐकलं की फोकस आणि विलपॉवर हे माइंडशी जोडलेले दोन गुण वाढतात. एकच माणूस एका वेळी दोन्ही करू शकत नाही. म्हणून एकट्या डान्सरने कितीही जीव ओतला तरी शिकाऱ्याचं काम अर्धंच होते. जोडी धरा. माझी जोडी पोलंडची एक म्युझिशियन आहे, ती मॅन्डोव्हायल वाजवते, तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते पण तिची रात्रपाळी असते म्हणून जागी असते. आम्ही दोघं मिळून उभे राहिलो की लोक एकाच जागी दोन्ही कामं उरकतात. आणि बफ किती वेळ टिकणार हे समोरचा किती वेळ बघतो त्यावर ठरते, म्हणून घाईत असलेल्याला स्पष्ट सांगायचं की भाऊ अजून थोडा बस, आता उठलास तर शिकारीच्या मधातच बफ उतरेल. लोकांना हे कोणी सांगत नाही आणि मग ते एंटरटेनरचा बफ बेकार म्हणतात, याचं मला खूप वाईट वाटतं.

फ्लरिश. एक ते आठ फ्लरिश असतात, नाचताना किंवा वाजवताना मधेच मारायची ती खास हरकत समजा, त्याने एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, पण चांगला मिळतो. पण प्रत्येक फ्लरिशला ॲक्शन लागते, धडाधड दाबत सुटलं की पट्टी संपते आणि नाचच थांबतो. मी आठही कीबोर्डच्या वरच्या रांगेवर लावून ठेवलेत आणि माणूस आत आला की एक मारतो, कोणी मोठी शिकार करून आल्याचं सांगितलं की एक मारतो. ते बघणाऱ्याला कळते. खरंच कळते, लोक लिहितात, की हा माझ्यासाठी होता ना. बँड असेल तर सगळ्यांनी एकच गाणं धरायचं आणि म्होरक्याने बँडफ्लरिश द्यायचा, सगळे एकदम वळतात तेव्हा अंगावर काटा येतो. चार-पाच जण एकत्र असले की त्यातला एक स्लिदरहॉर्नवाला नवशिका असला तरी चालते, उलट घ्याच त्याला, सगळ्यांनी सुरुवात त्या स्लिदरहॉर्नवरच केलेली असते.

आणि नालार्गॉन! हे वाद्य हातात धरून वाजत नाही, जमिनीवर मांडावं लागते, मागे उभं राहून वाजवायचं, दिसायला पार आमच्या काकांच्या ऑर्गनच्या खानदानातलं. मी मुळात डान्सर, पण फक्त या एका वाद्यासाठी म्युझिशियनच्या कौशल्यांचं झाडही चढलो. गेममध्ये एकूण अडीचशे स्किल पॉइंट मिळतात, त्यातले दोन्हीकडे घातले म्हणजे लढायला जवळजवळ काही उरत नाही. मला त्याचा एक दिवसही पस्तावा झाला नाही.

जागा कुठली धरायची हेही मोठं काम. कोरोनेट आणि थीड या शहरांत गर्दी, कारण स्टारपोर्टवरून, म्हणजे यानतळावरून, येणारे-जाणारे तिथूनच जातात. सुरुवातीला शटल यायला बराच वेळ लागायचा, लोकांना ताटकळत बसावं लागायचं आणि बसलेला माणूस बोलतो. हा वाया जाणारा वेळ मुद्दाम ठेवलेला होता. गेमचे मुख्य रचनाकार राफ कोस्टर यांनी नंतर अनेकदा मांडलं आहे की माणसं एकमेकांशी बोलावी असं वाटत असेल तर खेळात रिकामा वेळ ठेवावा लागतो. आमच्याकडे एस्टीची वाट बघत फाट्यावर बसलेल्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही, अर्ध्या सोयरिकी तिथंच जुळतात.

पण शहराच्या कॅन्टिनापेक्षा मला कॅम्प जास्त आवडतो. स्काउट आणि रेंजर लोक शिकारीच्या जागेजवळ कॅम्प लावतात, तिथं एंटरटेनर असला तर शिकाऱ्यांना वुंड आणि फटीग उतरवायला गावात परत जावं लागत नाही. फार थोडे एंटरटेनर बाहेर जातात कारण मरायची भीती. मी सांगतो, जा. रेंजरशी ओळख करा, ग्रुपमध्ये सामील व्हा, शेकोटीजवळ उभं राहून नाचा, बाजूने भयानक जनावरं फिरून राहिली, ग्रुप एक झुंड मारून परत येते, दहा मिनिटं तुमच्याभोवती बसते आणि पुन्हा जाते. त्या दहा मिनिटांत जे हसणं-बोलणं होते त्याची बरोबरी नाही. एका रात्री, म्हणजे माझ्या सकाळी, आम्ही सहा जण असे दोन तास होतो, मी एकही जनावर मारलं नाही आणि शेवटी त्यांनी लुटीचा सहावा हिस्सा मोजून मला दिला. मी मागितला नव्हता.

टिपचं तेच. कधी मागू नये. स्लॅश टिपने लोक क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, देतात, कोणी शंभर देते, कोणी पाच हजार, दोघांनाही सारखंच धन्यवाद म्हणायचं. काही एंटरटेनर प्रत्येक दोन मिनिटाला टिप द्या टिप द्या असा मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा हुकूम, लावतात, तिथं मी तरी बसत नाही.

माझ्या दुकानात एक दोनशे पानी वही आहे, त्यात गिऱ्हाइकांच्या उधाऱ्या नाहीत, कॅन्टिनात येणाऱ्यांची नावं आहेत. नावापुढे दोन शब्द, कशाची शिकार करतो, मागच्या वेळी कशाबद्दल बोलला. "घर शिफ्ट करत होता." "कुत्रा आजारी." "मास्टर डॉक्टर व्हायला थोडंच राहिलं." पुढच्या वेळी तो आला की आधी तेच विचारायचं. काका प्रत्येक गावच्या मंडळाच्या अध्यक्षाचं आणि चहा आणून देणाऱ्या पोराचं नाव लक्षात ठेवायचे, त्यांना वही लागत नव्हती, मला लागते.

इमेज डिझायनर पण शिका. हा एंटरटेनरचाच पुढचा रस्ता, लोकांचे केस, चेहरा, अंगकाठी बदलून द्यायची, आणि सलूनचा तंबू असेल तर स्टॅट, म्हणजे पात्राच्या ताकदीचे आकडे, इकडचे तिकडे हलवायचं कामही होते, त्यासाठी मोठे मोठे लढवय्ये शोधत येतात. न्हाव्याच्या दुकानात माणूस जसा मोकळा होतो तसा इथं होतो. माझ्याकडे एकजण आहे तो दर महिन्याला येतो आणि दाढी थोडी पांढरी करून मागतो. एकदम नाही, थोडीच. त्याचं म्हणणं, माझं पात्र म्हातारं होत जावं, कोणी तरी ते होताना बघावं. मी दर वेळी रंगपट्टी एक घर सरकवतो आणि आम्ही दोघं शांतपणे बघत राहतो.

आता जी गोष्ट मला मनापासून खटकते ती, एएफके. मॅक्रो लावून पात्र नाचत ठेवायचं आणि स्वतः झोपून जायचं. जुन्या काळात, 2003 च्या शेवटी, जेडाय, म्हणजे स्टार वॉर्समधला अद्भुत ताकदीचा योद्धा, व्हायचं असेल तर होलोक्रॉन नावाची वस्तू सांगेल ती प्रोफेशन मास्टर करावी लागायची, मग ज्यांना नाचात काडीचा रस नाही अशा शेकडो लढवय्यांनी कॅन्टिनात पात्रं मॅक्रोवर सोडून दिली. कॅन्टिना भरलेली आणि आत एकही माणूस नाही. नवीन माणूस राम राम करतो, उत्तर नाही, दुसऱ्याला करतो, उत्तर नाही, मग तोही नुसता पट्टी भरेपर्यंत उभा राहतो आणि निघून जातो. वुंड तर भरते. पण फटीग म्हणून त्या गेमने जे ठेवलं होतं ते, माझ्या मते, त्या पट्टीपुरतं नव्हतंच. मला कळते की लोकांना नोकऱ्या आहेत, शेती आहे, रात्रभर कोण बसणार. मग दहा तास मुका नाच लावण्यापेक्षा पाऊण तास बसा पण स्वतः बसा, आणि उठताना सांगून उठा. तासाची शिस्त लावा, तुमची वेळ लोकांना माहीत झाली पाहिजे, माझी वेळ माहीत असलेले लोक साडेपाचला बरोबर येऊन थांबलेले असतात.

खेड्यातून खेळणाऱ्यांसाठी एक खास. सर्व्हर अमेरिकेत, आपल्याकडून पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास राहतो, लढाईत त्याने जीव जातो. नाचात काही फरक पडत नाही. म्हणून कोणी विचारलं की गावातल्या नेटवर कोणतं पात्र घ्यावं तर मी डोळे झाकून एंटरटेनर सांगतो. लाइनचं मात्र बघा. मागच्या पावसाळ्यात मी आठ जणांसमोर नाचत होतो, अर्ध्यांचे बफ अजून भरायचे होते आणि लाइन गेली, नेटचा डब्बाही गेला. मोबाइलवरून कसाबसा परत आलो तोपर्यंत वीस मिनिटं झाली होती. आठातले पाच तिथंच बसून होते. पोलंडवालीने त्यांना सांगून ठेवलं होतं की त्याच्या गावात वीज जाते, तो येतो परत. त्या दिवशी दुपारीच जाऊन राउटरपुरती छोटी बॅटरी घेऊन आलो, अकराशे रुपये, आणि आता लॅपटॉपची बॅटरी आणि ते मिळून दोन तास निघतात.

2005 च्या नोव्हेंबरमध्ये मूळ गेममध्ये जो मोठा बदल आला त्यात तीसच्या वर असलेली प्रोफेशन नऊवर आणली, एंटरटेनर त्या नवातही टिकला. पण लोकांना थांबायची गरज राहिली नाही तसं थांबणंही कमी झालं असं त्या काळात खेळलेले सांगतात. दुसऱ्या गेममध्येही वाजवणारे आहेत, लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइनमध्ये तर एबीसी नावाच्या साध्या अक्षरांच्या लिपीत चाल लिहून पात्राकडून वाजवून घेता येते, मी काकांच्या त्या पडद्याआधीच्या तुकड्याची चाल तशी लिहून पाहिली, दोन रविवार गेले, आणि तिथल्या एका चौकात ल्यूटवर वाजवली. चार अनोळखी पात्रं येऊन बसली. काकांना फोनवर ऐकवली तर म्हणाले दुसऱ्या ओळीत घाई करून रायला तू. बरोबर होतं, घाई होती. दुरुस्त केली.

उद्या आमच्या गावची मंडई आहे. काका आता वाजवत नाहीत, गुडघे धरलेत, पण पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची आहे आणि बाजूची माझी. त्यामुळे उद्या आणि परवा सकाळी मी कॅन्टिनात नसणार, वहीतल्या सगळ्यांना तसा निरोप देऊन ठेवलाय. रायफलवाला म्हणाला नाटकाचा एखादा फोटो दाखव. पोलंडवालीने ऑर्गनचा मागितलाय.